पान सत्तेचाळीस

गोरेवाड्याच्या टाकीखाली आम्ही पहाटे जमतो,
ऊन कोराडीच्या विझलेल्या चिमण्यांवर चढायच्या आत.
कुणी कोरड्या मातीनं तयम्मुम करून येतं, कुणी पंचशील म्हणून,
कुणी नुसतंच, कालची झोप डोळ्यांत घेऊन.
मग ज्यानं त्यानं आपापली पानं म्हणायची.
माझ्याकडे चाळीस ते बावन्न.

"तुरटी द्यावी. सावकाश ढवळावे.
अर्धा तास थांबावे. गाळ बसू द्यावा."

महापालिकेच्या कुण्या कारकुनानं लिहिलेलं हे,
जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचं म्हणून घाईत.
त्याला काय ठाऊक,
त्याच्या 'वी' आणि 'वे'वर
एक अख्खं शहर तोल सांभाळत उभं राहील.
पुस्तक उधईनं खाल्लं. आम्ही उरलो.

मला पानं दिली निनावे मास्तरांनी.
विणकर माणूस, माग थांबल्यावर पाठांतराला लागलेला.
ओळ चुकली की मांडीवर टिचकी मारायचे,
"धागा तुटला, पोरी. मागं ये."
सेहेचाळीसपर्यंत आलो, आणि मे महिन्यात त्यांना लू लागली.
अठ्ठेचाळीसपासून पुढचं तापात सांगितलं, कुजबुजत.
सत्तेचाळीस सांगितलंच नाही,
की मी ओला फडका आणायला उठले तेव्हा
सांगून झालं, भिंतीला.

दुसऱ्या दिवशी लोक जमले. मी थांबले नाही.
(थांबले असते तर बाकीच्या पानांवरचाही भरवसा गेला असता,
असं तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही सांगते.)
त्याच सुरात, त्याच 'वे'मध्ये म्हणाले:
"पहिला पेला राखणाऱ्याने प्यावा.
दिवस मावळेपर्यंत वाट पाहावी.
मगच इतरांस द्यावे."

एकवीस वर्षं.
दर सोमवारी कुणीतरी पहिला पेला प्यायलं
आणि संध्याकाळी उभं राहून दाखवलं.
तुरटी संपली त्या वर्षी पाळी सुकेशनी रामटेकेची होती.
प्यायली, हसली, पदराला ओठ पुसले.
ऊन उतरायच्या आत पोट धरून बसली.
बुधवारी तिला नेलं.
सगळे म्हणाले, पानानं शहर वाचवलं.
मीपण म्हणाले.

काल कामठीहून अनीस नावाचा पोरगा आला.
छावणीच्या तळघरात पत्र्याची पेटी सापडली होती,
तिच्यात तेच पुस्तक. कोरडं, अख्खं.
त्याला वाचता येत नाही,
म्हणून की काय, फार जपून आणलं होतं.

रात्री दिव्यापाशी बसले. चाळीस, बरोबर. एक्केचाळीस, बरोबर.
मास्तर, एक काना चुकला नव्हता तुमचा.
सत्तेचाळीस:
"नमुन्याचे पाणी कोणत्याही परिस्थितीत चाखू नये.
सोबतच्या बाटलीत भरून चोवीस तास ठेवावे.
काळे पडल्यास वापरू नये."
खाली बाटलीचं चित्र. बुटकी, रुंद तोंडाची.
टाकीखालच्या खोलीत खोकीच्या खोकी होती तसल्या,
आतली भुकटी झटकून आम्ही त्यांचे दिवे केले.
मी वाचत होते तोही.

आज सेहेचाळीस म्हणून झाल्यावर
पहिल्यांदाच डोळे न मिटता, पुस्तक उघडून
खरं सत्तेचाळीस वाचलं.
जुनं कुणाचं, तेही सांगितलं. सुकेशनीचं नाव घेतलं.

कुणी ओरडलं नाही.
तेवढं तरी व्हायला हवं होतं.

सुकेशनीची आई, भागरथाबाई, उठली. तोटीपाशी गेली.
"बाटलीचं शिकू ना बाप्पा. काळं कसं पडते, मले दाखवजो.
पण आज कुठून आणतं ते भुकटी?
अन् लेकरं तहानेनं राह्यतीन काय?"
आणि पेला तोटीखाली धरला.

मी तिचं मनगट धरलं.
ती सोडेना. मीही.
पेला आम्हा दोघींच्या मध्ये भरत राहिला,
भरून सांडायला लागला,
आणि मागून कुण्या लेकरानं, सवयीनं,
अठ्ठेचाळीस सुरू केलं.